डब्लिनचे तीन सामने: मार्टिन जॉन्सन, कर्णधार ते व्यवस्थापक

16 एप्रिल 2008 रोजी रग्बी फुटबॉल युनियननं, म्हणजे आरएफयूनं, इंग्लंडच्या पुरुष संघाची सूत्रं मार्टिन जॉन्सनकडे सोपवली. पदाचं नाव 'टीम मॅनेजर', रुजू होण्याची तारीख 1 जुलै, नजर 2011च्या विश्वचषकावर. 2003चा विश्वचषक उचलणारा हा कर्णधार 2005 मध्ये क्लब रग्बीतूनही निवृत्त झाला होता. मधल्या काळात त्यानं कोणत्याही व्यावसायिक संघाला प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. पहिली नोकरी, तीच राष्ट्रीय संघाची. 16 नोव्हेंबर 2011 रोजी त्यानं राजीनामा दिला तेव्हा हिशेब असा होता: 38 कसोटी सामने, 21 विजय, 16 पराभव, 1 बरोबरी.

'खेळाडू थोर, प्रशिक्षक सुमार' असा शेरा मारून हे प्रकरण सहसा मिटवलं जातं. पण त्या 38 सामन्यांचे दोन तुकडे करून पाहा. पहिल्या 20 सामन्यांत 8 विजय, 11 पराभव, 1 बरोबरी. जून 2010 मधल्या सिडनी कसोटीपासून पुढच्या 18 सामन्यांत 13 विजय, 5 पराभव. मधे 2011ची सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची वार्षिक स्पर्धाही जिंकली, 2003 नंतर इंग्लंडनं पहिल्यांदाच. म्हणजे माणूस शिकत होता, आणि बऱ्यापैकी वेगानं शिकत होता. प्रश्न एवढाच की तो शिकत होता राष्ट्रीय संघावर, आणि जे शेवटपर्यंत जमलं नाही ते नेमकं कर्णधार असताना त्याला कधी करावंच लागलं नव्हतं.

हे कळायला डब्लिनमधले तीन सामने पुरतात: 2003, 2009 आणि 2011.

कर्णधाराच्या हातात काय असतं

क्रिकेटच्या कर्णधारावरून रग्बीच्या कर्णधाराचा अंदाज बांधायला गेलं तर फसगत होते. इथे गोलंदाज बदलायचे नसतात, क्षेत्ररचना लावायची नसते. बरीचशी रचना आठवडाभराच्या सरावात बसवलेली असते, आणि बदली खेळाडू कधी उतरवायचे हे स्टँडमध्ये बसलेले लोक ठरवतात. कर्णधाराचे मोठे निर्णय दोन प्रकारचे. पहिला पेनल्टीचा. प्रतिस्पर्ध्यानं नियम मोडला की चार वाटा असतात: खांबांमधून किक मारून 3 गुण घ्यायचे, चेंडू सीमेबाहेर मारून पुढच्या जागी स्वतःच्या थ्रोची लाइनआउट घ्यायची (दोन्ही संघांच्या रांगा आणि मधे सीमेवरून फेकलेला चेंडू), स्क्रम मागायचा (दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांत अडकून ढकलतात), किंवा चेंडूला पाय लावून लगेच पळत सुटायचं. ट्रायचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याचे, गुण 5, त्यावरच्या किकचे 2. काही सेकंदांत ठरवायचं असतं आणि त्यात किती वेळ उरलाय, वारा कुठला, समोरचे किती थकलेत, आपला किकर कसा खेळतोय हे सगळं धरायचं असतं. दुसरं काम रेफरीशी बोलण्याचं. तो कशावर शिट्टी वाजवतोय हे ओळखायचं आणि आपल्या पंधरा जणांना त्या मर्यादेत ठेवायचं.

ही दोन्ही कामं जॉन्सन अव्वल दर्जाची करत असे. लॉक या जागेवर, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत, खेळणारा हा सहा फूट सात इंचाचा गडी मार्केट हारबरोमध्ये वाढला. 1989-90च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये किंग कंट्रीकडून आणि तिथल्या 21 वर्षांखालील संघातूनही खेळून आला. 16 जानेवारी 1993 रोजी वेड डूली जखमी झाल्यानं ऐनवेळी फ्रान्सविरुद्ध उतरला आणि मग जागा सोडली नाही. 1997 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर त्याच्याकडे ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचं, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संयुक्त संघाचं, कर्णधारपद आलं. तोवर त्यानं एकदाही इंग्लंडचं कर्णधारपद सांभाळलं नव्हतं. लायन्स 2-1 नं जिंकले. 1999 मध्ये लॉरेन्स डलालिओ बाजूला झाल्यावर इंग्लंडचं कर्णधारपद कायमचं त्याच्याकडे आलं. एकूण 84 सामने, त्यांतले 39 कर्णधार म्हणून.

14 जून 2003, वेलिंग्टन. न्यूझीलंडविरुद्ध नील बॅक आणि डलालिओ दोघेही पिवळं कार्ड घेऊन बाहेर. पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं, सामन्याचा आठवा भाग. इंग्लंडचे तेरा जण उरलेले, त्यांत फॉरवर्ड सहाच, आणि स्वतःच्या गोलरेषेजवळ आठ जणांविरुद्ध स्क्रम. ते स्क्रम इंग्लंडनं थोपवले आणि सामना 15-13 असा जिंकला. सहा जणांनी आठ जणांना रोखायचं तर एकच उपाय असतो: ढकलण्याचा विचार सोडायचा, नुसतं खाली घट्ट बसायचं आणि प्रत्येकानं दुसऱ्यावर भरवसा ठेवायचा.

मग 22 नोव्हेंबर 2003, सिडनी, विश्वचषकाची अंतिम लढत. जादा वेळ संपत आलेला, धावफलक 17-17. लाइनआउट इंग्लंडची. स्टीव्ह थॉम्प्सननं चेंडू रांगेच्या शेपटाकडे, लुईस मूडीकडे फेकला. तो सगळ्यांत लांबचा आणि म्हणून सगळ्यांत धोक्याचा थ्रो, पण तिथून मैदानाचा मधला भाग जवळ येतो. माइक कॅटनं धडक दिली, मग स्क्रम-हाफ मॅट डॉसननं फट शोधून मीटर कमावले. पण आता डॉसन स्वतःच ढिगाऱ्याखाली, आणि जॉनी विल्किन्सनला ड्रॉप गोलसाठी (चेंडू जमिनीवर टाकून खांबांमधून मारलेली किक, गुण 3) पास देणारा माणूस तोच. इथे जॉन्सननं चेंडू उचलला आणि एकट्यानं पुढे घुसला. मिळाले दोनचार मीटर, पण खरी कमाई वेळेची होती: तेवढ्यात डॉसन उठून जागेवर आला. पुढचा पास, विल्किन्सनचा उजवा पाय, 20-17. घड्याळात 26 सेकंद उरले होते. त्या एका धडकेत जॉन्सनची सगळी कर्णधारी दिसते. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जे हवं होतं ते त्यानं स्वतः केलं.

पहिला डब्लिन

त्याच वर्षी 30 मार्चला लान्सडाउन रोडवर ग्रँड स्लॅमचा, म्हणजे सिक्स नेशन्समधले पाचही सामने जिंकण्याचा, निर्णायक सामना होता. आयर्लंड आणि इंग्लंड दोघेही अपराजित. सामन्याआधी इंग्लंडचा संघ ओळखपरेडसाठी आयर्लंडच्या नेहमीच्या बाजूला उभा राहिला. अधिकाऱ्यानं सरकायला सांगितलं. जॉन्सन हलला नाही. आयर्लंडचा संघ त्यांच्याही पलीकडे जाऊन उभा राहिला आणि राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस यांना गालिचा सोडून गवतावरून चालावं लागलं. सामना इंग्लंडनं 42-6 असा जिंकला.

हा किस्सा जॉन्सनच्या कणखरपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. तो आहेच. पण मागे उभ्या असलेल्या चौदा जणांकडेही पाहायला हवं. डलालिओ, बॅक, डॉसन, विल्किन्सन, विल ग्रीनवूड, जेसन लेनर्ड: यातले बरेच जण स्वतः कर्णधार झालेले किंवा होऊ शकणारे. 2000, 2001 आणि 2002 अशी सलग तीन वर्षं एकेका पराभवानं ग्रँड स्लॅम हुकलेले. नोव्हेंबर 2000 मध्ये मानधनावरून आरएफयूविरुद्ध एकत्र संप केलेले, आणि त्यातही जॉन्सन पुढे होता. त्या संघात शिस्त राखायला कर्णधाराला ओरडावं लागत नसे.

त्यांच्यामागे प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्डनं उभं केलेलं यंत्र होतं. फॉरवर्ड्ससाठी अँडी रॉबिन्सन, बचावासाठी फिल लार्डर, किकसाठी डेव्ह अ‍ॅलरेड, स्क्रमसाठी फिल कीथ-रोच, तंदुरुस्तीसाठी डेव्ह रेडिन; नजरेच्या सरावासाठी शेरिल काल्डर. दौऱ्यावर वकीलसुद्धा, रिचर्ड स्मिथ. वकिलाची चेष्टा झाली, पण त्याच विश्वचषकात सामोआविरुद्ध काही क्षण इंग्लंडचे सोळा जण मैदानात होते आणि चौकशी लागली, तेव्हा प्रकरण 10,000 पौंडांच्या दंडावर निभावलं. गुण कापले गेले नाहीत. जॉन्सनला कर्णधार म्हणून या कशाचीच काळजी करावी लागत नव्हती. ते आयतं मिळत होतं.

नेमणूक आणि हाती आलेली सामग्री

आधीचा प्रशिक्षक ब्रायन अ‍ॅश्टन याचा संघ ऑक्टोबर 2007 मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून 15-6 असा हरला होता आणि 2008च्या सिक्स नेशन्समध्ये दुसरा आला होता. म्हणजे अगदी बुडालेलं जहाज नव्हतं. आरएफयूला हवा होता दरारा, आणि दरारा म्हटलं की जॉन्सनचं नाव आपोआप पुढे येत होतं.

त्याच 1 जुलैपासून आरएफयू आणि प्रीमियरशिपमधले, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमधले, क्लब यांच्यातला नवा करार सुरू झाला. राष्ट्रीय व्यवस्थापकाला 32 जणांचा पक्का गट मिळणार, मोठ्या सामन्यांआधी ठरलेले दिवस तो गट ताब्यात येणार. बदल्यात गटात मनाला येईल तेव्हा अदलाबदल करता येणार नाही. अनुभवी प्रशिक्षकाला हा करार वरदान ठरला असता, कारण क्लबमधल्या दोनशे खेळाडूंपैकी कोण तीन वर्षांनी कामाचा हे त्याला माहीत असतं. नवख्यासाठी तोच करार अडचणीचा. पहिल्या निवडीत चूक झाली की ती काही महिने सांभाळत बसावी लागते.

सहकाऱ्यांत जॉन वेल्स, माइक फोर्ड आणि ग्रॅहॅम राउनट्री आधीपासून होते. फॉरवर्ड्स वेल्सकडे, बचाव फोर्डकडे, स्क्रम राउनट्रीकडे. आक्रमणासाठी लंडन आयरिश क्लबहून ब्रायन स्मिथ आला. कागदावर जागा भरलेल्या होत्या. पण वेल्स, राउनट्री आणि खुद्द जॉन्सन तिघेही लेस्टर क्लबचे, तिघेही फॉरवर्ड. एकाच कारखान्यातून निघालेले तीन लोक एका खोलीत बसले की एकमेकांना अडवत नाहीत. 2003च्या खोलीत वुडवर्ड विक्षिप्त कल्पना मांडायचा, आणि त्या जमिनीवर आणणारे लोक समोर असायचे. 2008च्या खोलीत सगळेच जमिनीवर.

सुरुवातही अडखळत झाली. जून 2008चा न्यूझीलंड दौरा जॉन्सननं दुसऱ्या अपत्याच्या जन्मामुळे टाळला. आरएफयूचा अधिकारी रॉब अँड्र्यूनं संघ नेला आणि दोन्ही कसोट्या गमावल्या, 37-20 आणि 44-12. नोव्हेंबरमध्ये ट्विकनमवर, म्हणजे इंग्लंडच्या घरच्या मैदानावर, पॅसिफिक आयलंडर्सविरुद्ध 39-13 असा विजय, मग ऑस्ट्रेलियाकडून 14-28, दक्षिण आफ्रिकेकडून 6-42, न्यूझीलंडकडून 6-32. शेवटच्या सामन्यात इंग्लंडला चार पिवळी कार्डं.

इथे नियमांचा एक मुद्दा सोडून चालणार नाही, कारण त्याशिवाय 2008-09चा इंग्लंड उगाच मूर्ख वाटतो. ऑगस्ट 2008 पासून जगभर प्रायोगिक नियम लागू झाले होते. त्यांतल्या एकानुसार मॉल, म्हणजे चेंडूवाल्याभोवती घट्ट बांधून पुढे सरकणारा घोळका, बचाव करणाऱ्यांना खाली ओढून पाडण्याची मुभा होती. इंग्लंडचं जुनं हत्यारच बोथट झालं. दुसऱ्यानुसार चेंडू स्वतःच्या 22 मीटर क्षेत्रात मागे नेऊन थेट बाहेर मारला तर पुढची जागा मिळत नव्हती. मग मैदानात लांब किक मारायची, समोरच्यानं तशीच परत मारायची, असा खेळ सुरू झाला. मॉल पाडण्याची मुभा 2009च्या मध्यात रद्द झाली, पण तोवर जॉन्सनचं पहिलं वर्ष संपलं होतं. अशा संक्रमणात अनुभवी प्रशिक्षक काय करतो? तो टॅकलनंतरच्या, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडल्यानंतरच्या, झटापटीसाठी जास्त माणसं वापरतो आणि किकचा पाठलाग बसवतो. इंग्लंडनं दोन्ही उशिरा केलं.

दुसरा डब्लिन

28 फेब्रुवारी 2009, क्रोक पार्क. आधीच्या सामन्यात कार्डिफला वेल्सविरुद्ध दोन पिवळी कार्डं आणि 23-15 असा पराभव झाला होता. शिस्तीवर आठवडाभर बोलणं झालेलं. आयर्लंडविरुद्ध दुसऱ्या सत्रात आधी फिल विकरी बाहेर गेला. विकरी प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतल्या कडेचा माणूस, आणि स्क्रमच्या सुरक्षेसाठी प्रॉपच्या जागी प्रॉपच लागतो. म्हणून दुसरा कुणीतरी बाहेर काढून बदली प्रॉप आणावा लागतो. एका कार्डात दोन माणसांची घडी विस्कटते.

मग शेवटच्या बारा-एक मिनिटांत बदली स्क्रम-हाफ डॅनी केअरनं चेंडूशी संबंध नसताना मार्कस होरनला खांद्यानं धडक दिली. रेफरीच्या डोळ्यांसमोर. पिवळं कार्ड, आणि रोनन ओ'गारानं त्या पेनल्टीवर 3 गुण काढले: 14-6. शेवटी डेलॉन आर्मिटाजनं ट्राय केला, किकही गेली, आणि इंग्लंड 14-13 असं एका गुणानं हरलं. कॅमेऱ्यानं स्टँडमध्ये बसलेल्या जॉन्सनला टिपलं: केअरचं कार्ड दिसताच मूठ टेबलावर आदळणारा.

ती मूठ पुढे खूप गाजली. प्रकरण म्हणून पाहिलं तर ती निदानासारखी आहे. मैदानात असता तर जॉन्सननं पेनल्टी जाण्याआधीच केअरला खांद्याला धरून मागे ओढलं असतं. निदान त्याच्या आसपास असल्यानं केअरनं ते केलंच नसतं. स्टँडमधून त्याच्या हातात काय होतं? पाणी घेऊन जाणाऱ्याकरवी निरोप, बदली खेळाडू, आणि मध्यंतराची जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. शिस्त दूरवरून चालवायची तर ती आठवड्याच्या कामात पेरावी लागते. सराव सामन्याला खरा रेफरी बोलवायचा, झटापटीत हात लावणाऱ्याला तिथल्या तिथे बाजूला बसवून बाकीच्यांना चौदा जणांनी खेळायला लावायचं, प्रत्येकाच्या पेनल्ट्या मोजून त्या निवडीशी जोडायच्या, आणि तेच ते खेळाडू पुन्हा सापडले तर त्यांना वगळायचं. यातलं काय किती झालं हे बाहेरून मोजता येत नाही, पण परिणाम दिसतो. फ्रान्सविरुद्ध 34-10 आणि स्कॉटलंडविरुद्ध 26-12 असे लगेचचे दोन विजय मिळाले. दोन वर्षांनी तेच दुखणं पुन्हा उफाळलं.

कर्णधार म्हणून त्यानं निवडला होता स्टीव्ह बॉर्थविक. हाही लॉक, लाइनआउटचा अभ्यासक, मितभाषी. पत्रकारांनी त्याला फार छळलं. जॉन्सननं त्याला वर्षाहून जास्त पाठीशी घातलं, आणि इथे निष्ठा व निवड यांची गल्लत झाली असं म्हणायला जागा आहे. 2009च्या शरद ऋतूत न्यूझीलंडविरुद्ध 6-19, ऑस्ट्रेलियाविरुद्ध 9-18. दोन्हींत ट्राय शून्य. फेब्रुवारी-मार्च 2010 मध्ये इटलीविरुद्ध जेमतेम 17-12, आयर्लंडविरुद्ध 16-20, स्कॉटलंडविरुद्ध 15-15.

वळण

20 मार्च 2010, पॅरिस. बॉर्थविक जखमी, कर्णधार मूडी. बेन फोडेन फुलबॅकला, विंगवर ख्रिस अ‍ॅश्टनचं पदार्पण. सामना 12-10 असा गमावला, पण फोडेनच्या ट्रायमध्ये पुढच्या वर्षाचा इंग्लंड दिसला.

जूनमध्ये पर्थला आणखी एक धडा मिळाला, आणि माझ्या मते तो या सगळ्या काळातला सर्वांत उपयोगाचा. इंग्लंडच्या स्क्रमनं ऑस्ट्रेलियाला इतकं चिरडलं की रेफरीनं दोन पेनल्टी ट्राय दिले. तरीही निकाल 27-17, ऑस्ट्रेलियाच्या बाजूनं. लेस्टरच्या तत्त्वज्ञानानुसार स्क्रम जिंकला की सामना जिंकला. इथे स्क्रम पूर्ण जिंकून सामना गेला. आठवड्यानं सिडनीत बेन यंग्जला स्क्रम-हाफ म्हणून सुरुवातीपासून उतरवलं. यंग्ज आणि अ‍ॅश्टन दोघांचेही ट्राय, 21-20 असा विजय.

नियमांचा वाराही आता पाठीशी होता. 2010 मध्ये रेफरींनी टॅकल करणाऱ्यानं आधी माणूस सोडलाच पाहिजे, मगच चेंडूला हात, हे कडकपणे लावायला सुरुवात केली. चेंडू पटापट बाहेर येऊ लागला, आणि वेगवान स्क्रम-हाफची किंमत दुप्पट झाली. 13 नोव्हेंबर 2010 रोजी ट्विकनमवर टॉम पामरनं स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू हिसकावला. यंग्जनं तिथून किक न मारता हुलकावणी दिली, कोर्टनी लॉजला पास, लॉजकडून अ‍ॅश्टनला, आणि अ‍ॅश्टननं उरलेलं मैदान पळून काढलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 35-18; टोबी फ्लडचे एकट्याचे 25 गुण. दोन वर्षांपूर्वीच्या इंग्लंडनं तो चेंडू डोळे मिटून बाहेर मारला असता. जॉन्सननं त्यांना मारू नका असं सांगितलं असेल किंवा नसेल, पण जे मारणार नाहीत असे खेळाडू त्यानं निवडले होते. व्यवस्थापकाचं मुख्य हत्यार निवड, आणि ते आता चालू लागलं होतं.

2011च्या सिक्स नेशन्समध्ये वेल्स 26-19, इटली 59-13, फ्रान्स 17-9, स्कॉटलंड 22-16. अ‍ॅश्टनचे स्पर्धेत सहा ट्राय, त्यांतले चार इटलीविरुद्ध.

तिसरा डब्लिन, आणि नंतर

19 मार्च 2011, पुन्हा लान्सडाउन रोड. जुन्या जागी आता नवं स्टेडियम. पुन्हा ग्रँड स्लॅमसाठी इंग्लंड. आयर्लंडनं झटापटीत लोक ओतले, यंग्जपर्यंत चेंडू येऊच दिला नाही. आला तर संथ आणि गढूळ. वैतागून यंग्जनं बाहेर गेलेला चेंडू प्रेक्षकांकडे फेकला, कशासाठी तर आयर्लंडला झटपट थ्रो घेता येऊ नये म्हणून. पिवळं कार्ड. निकाल 24-8, आयर्लंडच्या बाजूनं. दोन वर्षांपूर्वी केअर, आता यंग्ज. दोघेही स्क्रम-हाफ, दोन्ही वेळा डब्लिन. विजेतेपद इतर निकालांमुळे राहिलं, पण चषक घेताना कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

सहा महिन्यांनी न्यूझीलंडमधल्या विश्वचषकात खेळ आणि शिस्त दोन्ही एकदम सुटले. अर्जेंटिनाविरुद्ध डनेडिनला 13-9; विल्किन्सनच्या पाच किक चुकल्या, डॅन कोलला पिवळं कार्ड. जॉर्जियाविरुद्ध 41-10, डिलन हार्टलीला पिवळं कार्ड. रोमानियाविरुद्ध 67-3, आणि त्याच सामन्यात किकच्या वेळी चेंडू बदलण्याचा प्रकार. ट्राय ज्या चेंडूनं झाला त्याच चेंडूनं पुढची किक मारायची, असा नियम आहे. डेव्ह अ‍ॅलरेड आणि पॉल स्ट्रिजन यांना आरएफयूनं स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यापासून दूर ठेवलं. 2003 मध्ये सोळावा माणूस मैदानात गेल्यावर बाजू लढवायला वकील तयार होता. इथे आपल्याच माणसांना बाजूला करण्याची वेळ आली.

मैदानाबाहेर क्वीन्सटाउनच्या एका रात्रीवरून माइक टिंडल अडचणीत आला. आधी व्यवस्थापनानं सावरून घेतलं, मग स्पर्धेनंतर आरएफयूनं 25,000 पौंड दंड केला आणि गटातून काढलं. अपिलात दंड 15,000 वर आला आणि जागा परत मिळाली. मानू तुइलागीनं ऑकलंडच्या बंदरात फेरीबोटीवरून उडी मारली, दंड 3,000 पौंड.

जॉन्सनचा पवित्रा सरळ होता: हे प्रौढ लोक आहेत, त्यांना कुलूप लावून ठेवायचं नाही. 2003च्या संघात हे चालत असे, कारण कुणी घसरला तर डलालिओ किंवा लेनर्ड न्याहारीच्या टेबलावरच त्याचा समाचार घेत. 2011 मध्ये मोकळीक तीच दिली, समाचार घेणारे नव्हते. मूडी दुखापतींनी पोखरलेला, त्याच्या जागी पहिल्या सामन्यात कर्णधार होता टिंडलच. वरिष्ठांच्या गटातलाच माणूस बातमीत असेल तर बाकीच्यांना कोण सांगणार?

8 ऑक्टोबर, ईडन पार्क, उपांत्यपूर्व फेरी. फ्रान्स आठवड्याआधी टोंगाकडून 19-14 असा हरून आलेला. तरी मध्यंतराला 16-0 नं पुढे. विल्किन्सन आणि फ्लड एकत्र खेळवण्याची जोडणी ऐन सामन्यात नवी, चेंडू हातातून निसटत होते, लाइनआउट डळमळीत. फोडेन आणि मार्क क्वेटोच्या ट्रायनंतरही 19-12 असा पराभव.

स्पर्धेनंतर आरएफयूची अवस्था संघापेक्षा वाईट होती. मुख्य कार्यकारी अधिकारी जूनमध्येच हटवलेला, वरच्या पातळीवर भांडणं. जॉन्सननं नोव्हेंबरात राजीनामा दिल्यावर आठवड्याभरात संघाच्या कामगिरीचे गोपनीय आढावे वृत्तपत्रात फुटले. ते फोडणं त्या अहवालांतल्या कुठल्याही खेळाडूच्या वर्तनापेक्षा लाजिरवाणं होतं, हे सांगायला हरकत नाही.

इतरांनी काय वेगळं केलं

कर्णधाराचा प्रशिक्षक होणं मुळातच चूक, असं रग्बीचा इतिहास सांगत नाही. ब्रायन लोहोर 1966 ते 1970 न्यूझीलंडचा कर्णधार; मग 1980च्या दशकाच्या सुरुवातीला वैरारापा-बुश या छोट्या प्रांताचं प्रशिक्षण, त्यानंतर निवड समिती, 1985 पासून राष्ट्रीय संघ आणि 1987चा पहिला विश्वचषक. फाबियाँ गाल्तिए 2003 मध्ये फ्रान्सचा कर्णधार. स्टाद फ्राँसेसोबत 2007चं फ्रेंच विजेतेपद, पुढे मॉन्पेलिए, तूलाँ, आणि 2020 मध्ये फ्रान्स. 2022 मध्ये ग्रँड स्लॅम. दोघांनीही मधली वर्षं अशा ठिकाणी काढली जिथे चुकीची किंमत परवडते. जॉन्सनला न्यूझीलंडमधल्या अपयशानंतर पुढची चार वर्षं मिळाली असती तर 13-5 हा आकडा पुढे गेला असता का, हा प्रश्न उरतोच. पण तशी वर्षं क्लबमध्ये मिळतात, राष्ट्रीय संघात नाही.

आणि मग बॉर्थविक. ज्याला जॉन्सननं कर्णधार केलं आणि 2010 मध्ये ज्याची इंग्लंडची कारकीर्द संपली, तो एडी जोन्सच्या हाताखाली जपानला गेला, 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेला हरवणाऱ्या संघाची लाइनआउट त्यानं बांधली, मग इंग्लंडचे फॉरवर्ड्स सांभाळले, 2020 मध्ये लेस्टर हातात घेतलं आणि 2022 मध्ये प्रीमियरशिप जिंकून दिली. डिसेंबर 2022 मध्ये तो इंग्लंडचा मुख्य प्रशिक्षक झाला. सुरुवात त्याचीही भयंकर: मार्च 2023 मध्ये ट्विकनमवर फ्रान्सकडून 10-53.

9 सप्टेंबर 2023, मार्सेय, विश्वचषकातला पहिला सामना, समोर पुन्हा अर्जेंटिना. तिसऱ्याच मिनिटाला टॉम करीची टॅकल डोक्याला लागली. आधी पिवळं, मग तेच कार्ड लाल. 77 मिनिटं चौदा जण. कर्णधार कोर्टनी लॉज, 2009 मध्ये जॉन्सनच्याच हाताखाली इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळलेला. फ्लाय-हाफ जॉर्ज फोर्ड, जॉन्सनच्या बचाव प्रशिक्षकाचा मुलगा. एक माणूस कमी असताना चेंडू हातात ठेवून खेळणं आत्मघातकी. प्रत्येक झटापटीत संख्या अपुरी पडते. म्हणून इंग्लंडनं चेंडू हवेत मारला, पाठलाग केला, आणि पेनल्टी किंवा तीस-चाळीस मीटरची जागा मिळताच फोर्डनं पाय चालवला. पहिल्या सत्रातच तीन ड्रॉप गोल, सामन्यात सहा पेनल्ट्या, सगळे 27 गुण त्याचेच. 27-10.